‘सिस्टर, माझी सकाळची गोळी?’ : वॉर्ड, एडीएचडी आणि मी

भिरभिरी_सिस्टर

नमस्कार. सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी जीएनएम नर्स, वय ३२. नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात दहावं वर्ष चालू आहे. त्यातली सात वर्षं कॅज्युल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेली. मार्चमध्ये मला मेल मेडिकल वॉर्डात टाकलं आणि तेव्हापासून रोज पाय ओढत ड्यूटीला जाते.

कॅज्युल्टीत मी चांगली होते, हे तिथले आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर) पण सांगतील. रात्री पावणेतीनला हायवेवरचा अपघात आला, बीपी सत्तर, की माझ्या डोक्यातला सगळा गलका एकदम बंद. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत दोन्ही हातांना हिरवे इंट्राकॅथ (शिरेत लावायच्या सुया), रक्तगटाचं सॅम्पल वॉर्डबॉय मामांच्या हातात, सक्शन चालू. तिथे एका वेळी एकच काम असतं आणि ते समोर आडवं पडलेलं असतं. विसरणार कशी?

वॉर्डात अठरा पेशंट. सकाळचे सहा. सात नंबरच्या बाबांची पॅन्टॉप (ॲसिडिटीची गोळी) घेऊन निघाले. चार नंबरचा मुलगा म्हणाला, सलाईन संपलं. ते बंद करते तोवर अकरा नंबरवाल्यांची बायको, ‘सिस्टर, लघवीची पिशवी भरलीय.’ तेवढ्यात काउंटरवर फोन. लॅबवाले पोटॅशियमचा आकडा सांगतायत आणि लिहायला पेन नाही. पेन शोधायला युटिलिटी रूममध्ये शिरले आणि बेडपॅनच्या रॅकसमोर उभी. कशाला आले होते?

त्या दिवशी घरी एप्रन मशीनला लावताना खिसा उलटा केला. कापसाचा बोळा, पेनांची दोन टोपणं आणि ती पॅन्टॉप. चार्टवर मात्र ‘६ वाजता दिली’, खाली माझी सही. लगेच वॉर्डात फोन करून सांगितलं. बाबांना काही झालं नाही. मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता.

मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तीन भेटी झाल्या. आईला बोलावून घेतलं, शाळेची प्रगतिपुस्तकं मागितली. आईने ती जपून ठेवलीत (माझ्याकडे असती तर कधीच गेली असती). चौथीचा शेरा: ‘हुशार आहे, लक्ष खिडकीबाहेर.’ निदान एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार), त्यातला लक्ष न टिकण्याचा प्रकार. औषध सुरू झालंय.

प्रश्न असा की इन्चार्ज सिस्टरांना सांगू का? सांगितलं तर पुढे कुणाचीही चूक झाली की नजर माझ्याकडे वळणार. नाही सांगितलं तर परत कॅज्युल्टी कोणत्या तोंडाने मागू? इथे कुणी सिस्टर, ब्रदर आहेत का, ज्यांना हेच आहे?

---

टवाळ_टाळ

धागा वाचायला घेतला, मध्येच गॅसवरचं दूध आठवलं, उतू गेलेलं पुसलं, आता परत आलो. मलाही असेल काय?

---

सदाशिव_पंत

हल्ली प्रत्येक गोष्टीला नाव आलं आहे. आमच्या वेळी विसरलं की कानाखाली बसायची आणि मग आयुष्यभर लक्षात राहायचं. मोबाईल बाजूला ठेवा, पहाटे उठा, थोडा प्राणायाम करा. राग मानू नये.

---

तिरफळ

@पंत, तिचा कामाचा दिवसच पहाटे पाचला सुरू होतो हो.

आणि ‘हल्ली’ म्हणाल तर लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. त्यावरचं औषध मेथिलफेनिडेट तयार झालं १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत. ज्याने केलं त्या पॅनिझॉनच्या बायकोचं नाव मार्गारीट, लाडाने रिटा. तिच्यावरून रिटालिन. तेव्हा मोबाईल नव्हता, नुसती रिटा होती.

---

टवाळ_टाळ

बायकोच्या नावाने औषध? मी फार तर रिक्षावर लिहिलं असतं.

---

निवृत्त_मेट्रन

पोरी, दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

गोळी खिशात राहिली, ते विसरणं झालं. गोळी द्यायच्या आधी सही ठोकलीस, ते विसरणं नव्हे. ती वॉर्डाची खोड. पाचला काउंटरवर बसून अठराच्या अठरा चार्टवर एका दमात सह्या मारायच्या आणि सहाला ट्रॉली काढायची, खरं की नाही? ३४ वर्षांच्या सरकारी नोकरीत मी हे जवळजवळ प्रत्येक वॉर्डात पाहिलं आणि प्रत्येक वॉर्डात त्यावरून भांडले. तुझ्या मेंदूचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुझ्या शेजारच्या टेबलावरची, जिला कुठलाही आजार नाही, ती पण तेच करते. तिचं फक्त अजून उघडं पडलेलं नाही.

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे पाच नियम आपण पहिल्या वर्षाला घोकतो. दमलेल्या, भुकेल्या, घरी पोर तापाने फणफणलंय अशा बाईसाठी लिहिलेत ते. मला भीती वाटायची ती पाठांतराचा अभिमान असलेल्या सिस्टरांची. एक होत्या, बत्तीस पेशंटांचे डोस तोंडपाठ. राउंडला डॉक्टरांनी डोस निम्मा केला, कागदावर लिहिला, बाईंनी कागद न बघता जुनाच दिला. विसरभोळी किमान वाचते तरी.

करायचं काय? गोळी पाकिटासकट पेशंटच्या पलंगापाशी. तिथे नाव विचार, तिथेच फोड, हातावर ठेव, पाणी दे, गिळलेली बघ. मग पेन. गोळीने तुझा खिसा बघायचाच नाही. वाटल्यास खिसे शिवून टाक.

---

भिरभिरी_सिस्टर

मॅडम, पाचच्या सह्यांचं अगदी खरं आहे. वाचून कानशिलं तापली. पण खिसे शिवले तर पेन कुठे ठेवू? आधीच महिन्याला डझनभर हरवते.

---

निवृत्त_मेट्रन

गळ्यात. दोरीने. पहिलीतल्या मुलासारखं. हसू दे कोण हसतं ते.

---

बोरिवली_फास्ट

कुणी तरी हे बोलायला हवं, म्हणून बोलतो. गेल्या वर्षी माझ्या वडिलांना एका हॉस्पिटलात रक्तदाबाची तीच गोळी एका रात्रीत दोनदा दिली गेली. शिफ्ट बदलली, नोंद नव्हती, दुसऱ्या सिस्टरने परत दिली. पहाटे बाथरूमला जाताना भोवळ येऊन पडले, खुबा मोडला. अजून काठी घेऊन चालतात.

धागाकर्तीबद्दल वैयक्तिक आकस नाही, फोन करून स्वतःहून सांगितलं हे मोठंच आहे. पण मी नातेवाईक म्हणून विचार करतो. ज्या व्यक्तीला आपलं लक्ष टिकत नाही हे माहीत आहे, तिने औषधं वाटावीत का? बसचा ड्रायव्हर असता तर आपण असेच ‘अगं काळजी नको करू’ म्हणालो असतो का?

---

गोधडी

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तिथे नोंद नव्हती असं तुम्हीच लिहिलंय. त्या दोघींना एडीएचडी होता हे कुठून आलं?

---

बोरिवली_फास्ट

होता असं मी म्हटलंच नाही. नसतानाही असं होतं, तर असताना किती होईल, एवढाच प्रश्न.

---

ब्रदर_लातूरवाला

मी देतो उत्तर. मी आयसीयूत आहे, नऊ वर्षं झाली. मला पण आहे हे. पुण्यात निदान झालं, घरच्यांना सोडून कुणालाच सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहायलोय.

इन्सुलिनचं सांगतो. आपल्याकडं व्हायल ४० ची पण येते आणि १०० ची पण, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला केशरी. आता १०० ची व्हायल हातात अन् चुकून लाल टोपीची सिरिंज उचलली, तर वीसच्या खुणेपर्यंत भरलं की आत जातात पन्नास युनिट. शुगर सरळ खाली. हे माहीत नसलेला ब्रदर नसतो, तरी चुका होतात. का? तर रात्री चारला लाल अन् केशरी सारखंच दिसतं.

मला माझ्या डोक्याचा भरवसा नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचतो. व्हायलवरचा आकडा मोठ्यानं, सिरिंजवरचा मोठ्यानं, पेशंटचं नाव मोठ्यानं. कलीग म्हणत्यात, बघा, पोथी वाचायलाय. वाचू द्या की. अन् इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम काढलं की कुणालातरी दाखवल्याशिवाय देतच नाही. नऊ वर्षांत माझ्या हातून डोस चुकला नाही. अंगठी तीनदा हरवली, गाडीची चावी गाडीलाच, लाईटबिलाला दर महिन्याला दंड. पण डोस नाही.

तर बोरिवलीवाले दादा, तुमच्या वडिलांना मी चालेल का, ते सांगा.

---

बोरिवली_फास्ट

चालाल. (पण लाईटबिल ऑटोपेला टाका.)

---

शिफ्ट_संपेना

या सगळ्यात अठरा पेशंटांवरून कुणीच का बोलत नाही? टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, हा इंडियन नर्सिंग काउन्सिलचा निकष आहे. आम्ही तो परीक्षेत लिहितो, दहापैकी आठ मार्क घेतो आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात बावीस पेशंटांमध्ये एकटे उभे राहतो. फोन आपणच उचलायचा, बिलिंगला कागद आपणच द्यायचे, नातेवाइकाला पंखा आपणच लावून द्यायचा. अशा ठिकाणी धडधाकट माणसाचा मेंदूसुद्धा दुपारपर्यंत चाळणी होतो.

---

मनाचा_डॉक्टर

मानसोपचार हा माझा पेशा आहे, म्हणून थोडं लिहितो. निदान इथे कुणाचंच करणार नाही.

गोळी खिशात राहणं म्हणजे एडीएचडी नव्हे, आणि दूध उतू जाणं तर नव्हेच (@टवाळ, सुटलात). हा विकार मुळात लहानपणापासूनचा असतो. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमपुस्तिका) प्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, घर, शाळा, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि मोठ्या माणसांत नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात. म्हणूनच धागाकर्तीच्या डॉक्टरांनी आईला बोलावलं आणि प्रगतिपुस्तक मागितलं. दहा मिनिटांत प्रश्नावली भरून घेऊन हातात गोळी देणाऱ्यांपासून जपा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, नैराश्य, चिंता हे सगळं आधी बघून घ्यायचं असतं. फिरत्या नाईट करणाऱ्या कुणाचंही लक्ष घसरतं, त्यामुळे नर्सच्या बाबतीत हे वेगळं काढणं जास्त अवघड.

मुलींचं निदान उशिरा होतं, कारण त्या बाक वाजवत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. वर्ग शांत म्हणजे बाई खूश.

कॅज्युल्टीत लख्ख आणि वॉर्डात धूसर, हे चित्र आमच्या ओळखीचं आहे. या लोकांना लक्ष देता येत नाही असं नाही, ते हवं तिथे आणि हवं तेव्हा वळवता येत नाही. तातडी, नावीन्य, धोका असला की आपोआप वळतं. सहाच्या पॅन्टॉपमध्ये यातलं काही नसतं.

---

प्राजक्त_सडा

‘बाक वाजवत नाहीत’ वाचून डोळ्यांत पाणी आलं. वेंधळी, धांदरट, गबाळी, ‘लक्ष कुठंय तुझं’. भावाला मात्र ‘चंचल आहे पण हुशार’. एकाच घरात, एकाच वर्षी.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे सरळ भैताड म्हणायचे. वादच नाही.

---

तिरफळ

कोकणात खुळी. त्यातही ‘आमचा खुळा’ म्हणजे लाडाचं आणि ‘तुमचा खुळा’ म्हणजे भांडण.

---

टवाळ_टाळ

एडीएचडीला मराठी शब्द काय? ‘अवधान-न्यूनता-अतिचंचलता विकार’ असा कुठे तरी वाचला होता. शब्द संपेपर्यंत पेशंट उठून गेला असेल.

---

कोडवाला

मी आयटीत आहे, सोपा उपाय देतो. रिमाइंडरचं ॲप घ्या, प्रत्येक पेशंटचा वेगळा अलार्म, स्मार्टवॉचवर व्हायब्रेट. दहा मिनिटांचं काम. हवं तर मी बनवून देतो, फुकट.

---

शिफ्ट_संपेना

दादा, मोबाईल लॉकरात. घड्याळ मनगटावर चालत नाही, कोपरापर्यंत हात मोकळा लागतो, इन्फेक्शन कंट्रोलचा नियम. आणि अठरा अलार्म म्हणजे आयसीयूचे मॉनिटर. दुसऱ्या दिवसापासून ऐकूच येत नाहीत.

---

कोडवाला

ओके. दहा मिनिटं परत घेतो.

---

कौलारू_घर

मी रत्नागिरीची, सध्या इंग्लंडात एका मेडिकल वॉर्डात नर्स आहे. निदान इथेच झालं, पण त्यासाठी रांगेत वर्षं काढली. इथे सगळं झटपट होतं हा गैरसमज असेल तर काढून टाका.

मी मॅनेजरला सांगितलं. इथे २०१० चा इक्वालिटी ॲक्ट आहे, त्यामुळे सांगितल्यावर त्यांना तुमच्यासाठी जमतील तेवढे बदल करावे लागतात. मला काय मिळालं? ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटांची माहिती) घेताना छापील कागद, लिहायला बसण्यासाठी शेवटची वीस मिनिटं एका बाजूच्या खोलीत, आणि नाईट-डे-नाईट असा गोंधळ नसलेलं रोस्टर. शेवटच्याने सर्वांत जास्त फरक पडला. औषधापेक्षाही, असं मी म्हणेन.

काही वॉर्डांत ड्रग राउंडच्या वेळी आम्ही लाल टॅबर्ड (बिनबाह्यांचा अंगरखा) घालतो, ‘औषधं देत आहे, अडवू नका’ अशा अर्थाचं छापलेलं. ते एडीएचडीवाल्यांसाठी वगैरे नाही, सगळ्यांसाठी. तरी आजोबा विचारतातच, ‘सिस्टर, टीव्हीचा रिमोट पाहिलात का?’

पण भिरभिरी, इथला कायदा तुझ्या हॉस्पिटलात नाही. माझा अनुभव वाचून उद्या इन्चार्जसमोर उभी राहू नकोस.

---

मनाचा_डॉक्टर

योग्य सावधगिरी. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे सांगायचं की नाही हे समोरचं माणूस बघूनच ठरवावं लागतं. औषध कोणतं, किती, हे मात्र धाग्यावर विचारू नका, सांगूही नका.

---

भिरभिरी_सिस्टर

डॉक्टर, डोस नाही सांगत, पण दुकानाचा किस्सा सांगू द्या. चिठ्ठी घेऊन पाच केमिस्टांकडे गेले, ‘ठेवत नाही’. सहाव्याने चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘कुणासाठी?’ मी म्हटलं, माझ्यासाठी. म्हणे, ‘पण हे तर लहान मुलांचं.’ मागे चार जण उभे. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये (कडक बंधनं असलेल्या औषधांची यादी), म्हणून चिठ्ठीच्या दोन प्रती, एक त्याच्याकडे दोन वर्षं राहणार. गंमत म्हणजे भुलीचं केटामाइन त्याच यादीत आहे. ज्या कपाटाची चावी मी सात वर्षं गळ्यात घालून फिरले, त्याच यादीतली गोळी घ्यायला गेले तर मीच संशयित.

फरक पडला का, तर हो. डोकं बदललं नाही. पण पूर्वी वॉर्डात शिरलं की सगळे आवाज एकाच मापाने यायचे, पंखा, ट्रॉलीचं चाक, कुणाचा तरी खोकला, इन्चार्जची हाक. आता हाक थोडी पुढे येते. भूक मात्र मेली आहे, डबा तसाच परत जातो आणि आई चिडते.

---

गोधडी

माझ्या मुलाला (वय १०) तेच आहे. आम्ही डबा गोळीच्या आधी भरभक्कम खाऊ घालतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

---

सदाशिव_पंत

पुन्हा आलो. दोन दिवस धागा वाचतो आहे. आमची धाकटी बहीण, आता नाही ती. शिक्षिका होती. वर्गात उत्तम, पण हजेरीपट, बिलं, चाव्या, सगळ्याचा बट्ट्याबोळ. वडील तिला ‘अर्धवट’ म्हणत, आणि आम्हीही म्हणत होतो. वर मी कानाखालीचं लिहिलं ते तेवढं योग्य नव्हतं.

प्राणायामाचं मात्र कायम ठेवतो.

---

प्राजक्त_सडा

पंत 🙏

---

ब्रदर_लातूरवाला

कागदाचं सांगायचं राहिलं. ए-फोर कागद, घडी घालून आठ चौकोन, चौकोनात बेड नंबर. ओव्हर घेतानाच भरायचा. वेळ डाव्या कडेला, काम उजवीकडं, झालं की फुली. मधी कुणी काय सांगितलं की आधी कागदावर, मग पाय उचलायचा. ‘लिहिल्याशिवाय पाय उचलायचा नाही’ ही आपली शपथ. हातावर लिहू नका, मॅडम ओरडतील.

ठिबकाचं पण लिहून ठेवा. ५०० मिली आठ तासांत, वीस थेंबांचा सेट, मिनिटाला एकवीस थेंब. दर वेळी डोक्यात गणित करायला गेलं की मधी कुणीतरी हाक मारतंच.

---

निवृत्त_मेट्रन

हातावर लिहिणाऱ्यांना मी साबणाने धुवायला लावायचे, सगळ्यांसमोर. ते बरोबर होतं का, आता सांगता येत नाही.

भिरभिरी, मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी इन्चार्ज असते तर? खरं सांगते, वीस वर्षांपूर्वी तू मला हे नाव घेऊन सांगितलं असतंस तर मी तुला लिनन रूमला टाकलं असतं आणि तुझ्यावर उपकार केले असं समजले असते. म्हणून म्हणते, आजाराचं नाव नेऊ नकोस, काम ने. ‘मॅडम, गोळ्यांच्या वेळी फोन दुसऱ्या कुणी घ्यावा’ हे माग. ते कोणतीही सिस्टर मागू शकते. आणि कॅज्युल्टी सात वर्षांच्या कामावर माग. नाव सांगायचं तर सहा महिन्यांनी, काम बोलायला लागल्यावर.

---

कौलारू_घर

थोडी असहमत. प्रत्येकीने नाव लपवलं तर पुढच्या इन्चार्जला कळणार कधी? पण पगार तिचा, ईएमआय तिचा. मी इथून शौर्य शिकवणं बरं नाही.

---

टवाळ_टाळ

धागाकर्ती तीन आठवडे गायब. कुठल्या तरी रॅकसमोर उभ्या असणार, कशाला आलो होतो म्हणत.

---

भिरभिरी_सिस्टर

आले, आले! उत्तर टाइप करून ठेवलं होतं, ‘पाठवा’ दाबायचं राहिलं. टॅब अजून उघडा आहे.

मॅडमचं ऐकलं. नाव काढलं नाही, फोनचं मागितलं. इन्चार्ज म्हणाल्या, त्यात विचारायचं काय, मलाही त्या वेळी कुणी हाक मारलेली खपत नाही. सकाळी सहा ते सात आणि रात्री आठ ते नऊ फोन मामांकडे गेला. चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी मामांची बदली डायलिसिसला, फोन परत काउंटरवर. आता मावशी उचलतात आणि ‘सिस्टर गोळ्या देतायत, नंतर करा’ म्हणून ठेवून देतात. परवा दस्तुरखुद्द मेडिकल डायरेक्टरांना असंच सांगितलं. मावशींना मेमो नाही आला, कारण काय लिहायचं तेच कुणाला सुचलं नाही.

कॅज्युल्टीचा अर्ज दिलाय. ‘बघू’ म्हणालेत.

ब्रदर, आठ चौकोनांचा कागद चालू आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचीने पण सुरू केला, तिला कारण विचारलं तर म्हणे तुझं बघून.

पेन गळ्यात आहे. हसतात.

---

निवृत्त_मेट्रन

आणि सही?

---

भिरभिरी_सिस्टर

नंतर. पाण्याचा ग्लास खाली ठेवला की मग. काल एकदा आधी झाली, दोन नंबरचे काका बाथरूममध्ये होते. खोडली, वेळ टाकली, ते आल्यावर गोळी दिली, मग परत केली.

---

निवृत्त_मेट्रन

खोडताना एकच रेघ ना?

---

भिरभिरी_सिस्टर

एकच रेघ, मॅडम. खालचं वाचता येतं.